सात शिळ्या याद्या

"काका, हे शिट्टीचं गाणं पहिलं?" रेडिओ केंद्राच्या प्रमुख मॅडमनी कागदावरून मान वर न करता विचारलं. "दहा वर्षांतलं पहिलं?"

"आकड्यांनी तसं येतंय," मोजणीकाका म्हणाले.

"मला तर त्याची चालसुद्धा आठवत नाही. तुम्हाला आठवते का हो?"

हा प्रश्न निवेदकांना होता. ते खिडकीपाशी उभे राहून चहा पीत होते. त्यांनी कप कठड्यावर ठेवला आणि ओठांचा चंबू करून शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला. दोन सूर बरे निघाले, तिसऱ्याला नुसती हवा आली.

"घ्या," ते म्हणाले. "लागोपाठ नऊ रविवार मी स्वतः ओरडून सांगितलंय, की हेच पहिलं. आणि मलाच येत नाही. परवा घरी विचारलं, तर बायको म्हणाली, असं काही गाणं नव्हतंच."

"पण काकांचे आकडे आहेत ना," मॅडम म्हणाल्या. "काकांनी मोजलं म्हणजे मोजलं. विषय संपला. शुक्रवारी रेकॉर्डिंग करून टाकू."

विषय संपला म्हटल्यावर काकांनी उठायला हवं होतं. ते बसून राहिले. मग मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा उठले.

रेडिओच्या त्या जुन्या इमारतीत तळमजल्याच्या टोकाला मोजणीची खोली होती. एक लांब टेबल, वीस खणांची एक लाकडी मांडणी, एक खुर्ची आणि एक रबरी शिक्का, एवढा तिथला संसार. सव्वीस वर्षं काका या खोलीत बसत होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. शिपायांपासून मॅडमपर्यंत सगळे त्यांना मोजणीकाकाच म्हणत.

दर रविवारी सकाळी वीस गाण्यांचा कार्यक्रम लागायचा, विसाव्यापासून पहिल्यापर्यंत उलटा. श्रोते कार्डावर आवडत्या गाण्याचं नाव लिहून पाठवायचे. सोमवारी टपालाचं पोतं यायचं. काका ते टेबलावर ओतायचे, कार्ड वाचायचे आणि त्या त्या खणात टाकायचे. बुधवारी खण मोजायचे आणि गुरुवारी यादी निवेदकांच्या हातात. पहिल्या गाण्याला वीस गुण, दुसऱ्याला एकोणीस, असं करत विसाव्याला एक. हे गुण एका जाडजूड वहीत चढायचे. वर्ष संपलं की बेरीज, दहा वर्षं संपली की बेरजांची बेरीज. लोकांना वाटतं, दशकाचं गाणं म्हणजे दहा वर्षं लोकांच्या ओठांवर असलेलं गाणं. तसं काही नसतं. दशकाचं गाणं वहीत असतं.

कार्डांचे नियम छापील होते आणि काकांना ते स्वतःच्या जन्मतारखेइतके पाठ होते. एका माणसाचं एक कार्ड. नाव आणि पूर्ण पत्ता हवा. नोकरवर्ग आणि त्यांचे घरचे यांची मतं चालणार नाहीत. नियमात न बसणाऱ्या कार्डावर 'बाद' असा शिक्का बसायचा. आणि ज्यांनी त्या आठवड्याच्या पहिल्या गाण्याला मत दिलं असेल, त्यांच्यातली पोत्यातून निघालेली पहिली दहा कार्डं बाजूला काढून त्यांना पोचकार्ड जायचं. फिक्कट निळ्या कार्डावर छापलेलं असायचं: 'आपले मत मिळाले व मोजण्यात आले. आपण निवडलेले गाणे या आठवड्यात पहिले आले.' एवढंच. पण लोक ती कार्डं फ्रेम करून लावत म्हणे.

काकूंना एक पोचकार्ड हवं होतं. काकू म्हणजे काकांची बायको.

"अहो, एवढ्या जगाला वाटता, माझ्या नावाचं एक येऊ दे की," त्या म्हणायच्या.

"घरच्यांचं बाद," काका म्हणायचे.

"माहेरच्या नावानं पाठवते."

"अक्षर ओळखतो मी तुझं. तुझा 'ळ' असा पडलेला असतो, कुणी चष्मा काढून ठेवावा तसा."

"मग ओळखू नका."

"बाद," काका म्हणायचे, आणि ताटावरून उठायचे. वीस-बावीस वर्षं हेच चाललं होतं, आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आला नव्हता. शनिवारी काकू विचारायच्या, उद्या पहिलं कोणतं, आणि काका सांगायचे, उद्या ऐक. घरात रेडिओ होता आणि रेडिओत नवरा होता, तरी काकूंना पहिलं गाणं कळायचं ते साऱ्या जगाबरोबरच.

मोजणीच्या खोलीत एक शब्द होता, तो बाहेर काकूंखेरीज कुणाला ठाऊक नव्हता. संपाबिंपानं टपाल आलंच नाही, तर नवी यादी कुठून काढणार? अशा वेळी मागच्याच आठवड्याची यादी पुन्हा लावायची परवानगी होती. तिला काका शिळी यादी म्हणायचे. वहीत त्या आठवड्याच्या समासात पेन्सिलनं 'शि' लिहायचं, म्हणजे बेरजेत ते गुण धरायचे नाहीत. सव्वीस वर्षांत असे अकरा आठवडे होते.

खरं म्हणजे अठरा होते. सातांपुढे 'शि' नव्हतं.

चार वर्षांपूर्वी एका गुरुवारी काका यादी देऊन घरी आले, तर काकू स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. "उठवत नाहीये," म्हणाल्या, जणू डबा उघडत नाहीये. संध्याकाळपर्यंत त्या रुग्णालयात, वॉर्ड नंबर चारमध्ये होत्या. सोमवारी पोतं आलं. काकांनी ते सोडलं, वरचं एक कार्ड काढलं आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं. अक्षर स्वच्छ होतं, शब्द मराठी होते, पण आत काही जाईना. त्यांनी कार्ड परत ठेवलं, पोत्याचं तोंड बांधलं, मागची यादी समोर घेतली आणि वरची तारीख बदलून वीसच्या वीस गाणी उतरवली. वरती शिट्टीचं गाणं होतं. एकच आठवडा, असं ते स्वतःला म्हणाले. मग सह्या करून दहा वाजताच रुग्णालयात गेले.

पुढच्या सोमवारी दुसरं पोतं आलं. ते त्यांनी सोडलंही नाही.

माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला काहीतरी वाटायला हवं. काकांना काही वाटलं नाही. त्या सात आठवड्यांत त्यांना कशाचंच काही वाटलं नाही. डॉक्टर बोलायचे, ते मान डोलवायचे. औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जायचे आणि औषधं घेऊन यायचे. वॉर्डात कोपऱ्यातल्या कपाटावर एक रेडिओ होता. रविवारी सिस्टर तो मोठा करायच्या आणि अकरा खाटा गप्प होऊन ऐकायच्या.

"अजून शिट्टीच पहिली?" दुसऱ्या रविवारी काकूंनी विचारलं होतं.

"लोकांना आवडतंय," काका म्हणाले होते.

"सगळी वीसच्या वीस तशीच?"

"होतं कधीकधी."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी कूस बदलली. काका त्यांच्या पाठीकडे बघत बसले.

सातव्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी काकू गेल्या. सातवी यादी काकांनी सोमवारीच देऊन ठेवली होती. लोक आले, बसले, गेले. मुलगी येऊन राहिली. जाताना दारात तिनं वडिलांचे दोन्ही हात धरले.

"बाबा, तुम्ही एकदासुद्धा रडला नाहीत."

"हो ना," काका म्हणाले. ते काही नाकारण्यासारखं नव्हतंच.

आठव्या आठवड्यात त्यांनी पोतं सोडलं आणि मोजणी केली. शिट्टीचं गाणं विसांत कुठेच नव्हतं. निवेदकांनी त्या रविवारी भाषण ठोकलं होतं, की पहिल्या नंबरावरून एका आठवड्यात बेपत्ता, असं आजवर घडलं नाही, हे गाणं न सांगता निघून गेलेल्या पाहुण्यासारखं गेलं. लोकांना ते फार आवडलं. कुणी काही विचारलं नाही. काकांनी मोजलं म्हणजे मोजलं.

सात पोती त्यांनी भांडाराच्या खोलीत नादुरुस्त पंख्यांच्या मागे सरकवून दिली. मोजलेली पोती वर्षभरानं रद्दीत जात. न मोजलेली कशी द्यायची, याचा नियम नव्हता.

तर मॅडमच्या खोलीतून परत आल्यावर काकांनी वही उघडली. साधी गोष्ट होती. सात ठिकाणी समासात 'शि' लिहायचं, एकशे चाळीस गुण गळणार, शिट्टी खाली येणार, पुलाचं गाणं वर जाणार. पुलाचं गाणं एकदाही पहिलं आलं नव्हतं. चौथं, पाचवं, पुन्हा चौथं असं करत ते मुकाट्यानं आठ महिने यादीत बसून राहिलं होतं, आणि एकतीस गुणांनी मागे होतं. मॅडमना सांगायचं, की त्या वेळी टपाल आलं नव्हतं. चार वर्षांपूर्वीचं टपाल कोण शोधायला जातंय?

त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. पहिल्या आठवड्याच्या समासावर ती टेकवली आणि तशीच धरून ठेवली. टपाल आलं होतं. आलेल्या टपालाला आलं नाही म्हणणं त्यांना जमेना. मागची यादी उतरवणं जमलं होतं, हे जमेना. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि भांडाराची किल्ली मागायला गेले.

"कशाला हवीय?" भांडारपालानं विचारलं.

"थोडं मोजायचं राहिलंय."

दुपारपर्यंत पहिलं पोतं टेबलावर ओतून झालं होतं. कार्डं पिवळी पडली होती आणि त्यांना पंख्यांच्या गंजाचा वास लागला होता. पण हातांना काम आठवत होतं. वाच, टाक, वाच, टाक. नाव नाही, बाद. पत्ता अर्धा, बाद. एकाच हाताची चार कार्डं, चारही बाद. संध्याकाळी साडेपाचला पहिल्या पोत्याची बेरीज झाली. शिट्टी तिसरी आली होती. म्हणजे तेव्हाच लोकांचं मन उडायला लागलं होतं. आणि चौदावं एक नवीन गाणं होतं. ते कोणतं, हे काकांना चटकन आठवेना. मग त्यांनी वहीत पुढे शोधलं. काकू गेल्यानंतरच्या यादीत ते बाराव्या नंबरावर होतं, नंतर सोळाव्या, नंतर विसाव्या, मग गायब. नवीन आलं आणि चाललं नाही, अशा गाण्यांत ते जमा झालं होतं. त्याला कुणी टोपणनावही दिलं नव्हतं.

मंगळवारी दुसरं पोतं. त्या गाण्याचा खण भरायला लागला. दुपारी एक कार्ड हातात आलं आणि काकांचा हात खणाकडे गेला नाही.

पाठवणाऱ्याचं नाव सिस्टरचं होतं. पत्ता पूर्ण होता: रुग्णालय, वॉर्ड नंबर चार. मजकूर असा होता: 'ते नवीन गाणं, ज्याची चाल जिना उतरल्यासारखी येते. सकाळच्या वेळी फार छान वाटतं.'

'वेळी'मधला 'ळ' आडवा पडला होता, चष्मा काढून ठेवावा तसा.

काकांनी कार्ड टेबलाच्या कडेला ठेवलं. पेला भरून पाणी प्यायले. मग उरलेली तीनशे कार्डं मोजली. जिन्याचं गाणं, आता त्याला नाव मिळालं होतं, पाचवं आलं. घरी जाताना त्यांनी नेहमीच्या दुकानातून नेहमीचा पाव घेतला आणि नेहमीच्या बाकावर बसून चपलेतला खडा काढला. आपल्याला काहीतरी व्हायला हवं, असं त्यांना वाटत होतं. काही होत नव्हतं.

बुधवारी ते आठ वाजताच येऊन बसले. तिसऱ्या पोत्यातलं कार्ड त्यांनी शोधलं नाही. नियमानं एकेक वाचत गेले, आणि साडेनऊला ते आलं. पुन्हा सिस्टरचं नाव. 'जिन्याचं गाणं. मागच्या खेपेलाही लिहिलं होतं. यादी शिळी लागते आहे, आम्हाला कळतं. मोजणाऱ्याची तब्येत बरी आहे ना?'

चौथ्या पोत्यातल्या कार्डावर ओळ थोडी उतरती होती. 'जिन्याचं गाणं. इथे एक गृहस्थ रोज येऊन बसतात. कामावरून आलो म्हणतात. काय काम करतात कोण जाणे. त्यांना कुणीतरी पोळी-भाजी खायला सांगा.'

पाचव्या पोत्यातल्या कार्डावर फक्त 'जिन्याचं' एवढाच शब्द होता, आणि 'गाणं' लिहायला घेऊन पेन कडेवरून खाली गेलं होतं.

दारात निवेदक येऊन उभे राहिले. "काका, हा काय पसारा? कुठली कार्डं ही?"

"जुनी आहेत."

"जुन्यांचं आता काय?"

"मोजतोय."

निवेदक जवळ आले. खण बघून त्यांनी एका भरलेल्या खणावर बोट ठेवलं. "हे कोणतं एवढं?"

"जिन्याचं गाणं. चाल जिना उतरल्यासारखी येते, ते. तुमच्या लक्षात नसेल. बाराव्या नंबरावर आलं होतं."

"आठवतंय. आलं आणि पडलं."

"नाही," काका म्हणाले. "आपण त्याला बाराव्यावर पाहिलं तेव्हा ते उतरत होतं. आपल्याला वाटलं, चढतंय. त्याआधी ते पहिलं होतं."

"कधी? मी तर कधी म्हटलं नाही."

"तुम्ही नाही म्हटलं."

निवेदकांनी काकांकडे पाहिलं, मग पोत्यांवरच्या तारखा पाहिल्या. जाताना त्यांनी दार हळू ओढून घेतलं. थोड्या वेळानं शिपाई चहा ठेवून गेला. काकांनी मागितला नव्हता.

सहावं पोतं त्यांनी गुरुवारी सकाळी सोडलं. वरूनच जिन्याच्या गाण्याची कार्डं निघायला लागली. नववं कार्ड वेगळ्या हाताचं होतं. ठसठशीत, घाईचं अक्षर, औषधांचे तक्ते भरणाऱ्या माणसाचं. 'पेशंट सांगतात तसं मी लिहिते आहे. गाणं तेच. घाई नाही. सावकाश मोजा.' खाली सिस्टरची सही, पत्ता पूर्ण.

काकांनी आधीची चार कार्डं ओढून घेतली आणि पाचही ओळीनं मांडली. शिक्का शाईवर दाबला. पहिलं कार्ड: नाव एकीचं, हात दुसरीचा, आणि हात घरचा. बाद. दुसरं, बाद. तिसरं, बाद. चौथ्यावर शिक्का मारताना त्यांनी 'जिन्याचं' हा शब्द झाकला जाणार नाही एवढी काळजी घेतली. मग पाचवं. नाव सिस्टरचं, हात सिस्टरचा, पत्ता पूर्ण, त्या पोत्यात त्या नावाचं दुसरं कार्ड नाही. मत कुणी सुचवलं, याबद्दल छापील नियमांत काही नव्हतं. त्यांनी कपाटातून नियमांचा कागद काढला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत वाचून काढला. खरंच काही नव्हतं. त्यांनी शिक्का बाजूला ठेवला आणि कार्ड खणात टाकलं. मग पुन्हा वरून मोजलं. नववंच होतं.

सातवं पोतं दुपारी. त्यात कार्ड नसणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्या आठवड्यात काकू बोलत नव्हत्या, पापण्याच काय त्या हलायच्या. तरी ते वाचत गेले. वाच, टाक, वाच, टाक. पोतं संपलं. त्यांनी ते उलटं करून झटकलं, शिवणीत बोटं घालून पाहिलं. मग खण मोजायला घेतले आणि तिसऱ्या खणात आकडा सुटला. पुन्हा सुरुवात केली. चाळीसच्या आसपास पुन्हा सुटला. सव्वीस वर्षांत त्यांचा आकडा सुटला नव्हता. ट्रक आदळला, वीज गेली, शेजारच्या खोलीत माणसं हमरीतुमरीवर आली, तरी नाही. तिसऱ्यांदा त्यांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, शाळेतल्या पोरांसारखी, एक, दोन, तीन. सतराला आवाज फुटला. कार्डं हातात धरून ते उभेच राहिले, आणि किती वेळ उभे होते, हे कुणी मोजलं नाही.

मग त्यांनी तोंड धुतलं, आणि मोजणी पुरी केली. जिन्याचं गाणं दुसरं आलं होतं.

साडेचारला ते सात नव्या याद्या घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. निवेदक तिथे आधीच बसले होते.

"तिसऱ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत हे गाणं पहिलं होतं," काका म्हणाले. "मी मोजलं नव्हतं. मागचीच यादी उतरवून देत होतो, सात वेळा. तेव्हा घरात आजारपण होतं, पण ते कारण नाही. टपाल आलं होतं."

मॅडमनी याद्या चाळल्या. लाल शाईत नवी बेरीज होती. पुलाचं गाणं पहिलं. शिट्टीचं सहावं. आणि शेवटी, दशकाच्या तीस गाण्यांत तिसाव्या नंबरावर, जिन्याचं.

"काका, तुम्ही गप्प राहिला असता तर कुणाला कळलं असतं?"

"कुणाला नाही."

"वरच्यांना मला कळवावं लागेल. तुमचं निवृत्तीचं वर्ष आहे."

"कळवा."

"अहो, पण असं..." मॅडमनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "आणि हा निळा गठ्ठा कसला?"

"पोचकार्डं. सात आठवड्यांची दहा-दहा. सत्तर आहेत. तुमची सही लागेल."

"चार वर्षांनी? लोक काय म्हणतील?"

"उशीर झाला म्हणतील."

निवेदक हसले नाहीत. त्यांनी यादी स्वतःकडे ओढली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "कार्यक्रम तिसाव्यापासून सुरू होतो. म्हणजे उद्या रेकॉर्डिंगला पहिलं वाजणार ते हेच. मी काय सांगू याच्याबद्दल?"

"चार आठवडे पहिलं होतं, एवढं सांगा."

"आणि आम्ही सांगायला विसरलो, असं?"

"विसरलो नाही," काका म्हणाले. "मोजलं नव्हतं."

मॅडमनी पेन उघडलं आणि सह्या करायला लागल्या. सत्तर सह्यांना वेळ लागतो.

शनिवारी मुलीचा फोन आला.

"बाबा, उद्या दशकाची यादी ना? पहिलं कोणतं?"

"उद्या ऐक," काका म्हणाले.

"आईलाही असंच छळायचात." मग म्हणाली, "जेवलात का?"

"पोळी-भाजी केली."

"तुम्ही? कधीपासून?"

"आजच."

फोन ठेवून ते निळा गठ्ठा घेऊन बसले. एकोणसत्तर पत्ते लिहून झाले होते. शेवटचं कार्ड त्यांनी मुद्दाम मागे ठेवलं होतं. सिस्टर तिथे अजून असतील की नाही, बदली झाली असेल की काय, काही माहीत नव्हतं. त्यांनी कार्डावर जसं होतं तसंच नाव लिहिलं, मग रुग्णालय, मग वॉर्ड नंबर चार. छापील मजकुराच्या वर आठवड्याची तारीख भरायला जागा होती, तिथे चार वर्षांपूर्वीची तारीख घातली. आणखी दोन शब्द लिहिण्याइतकी जागा खाली होती. ती त्यांनी तशीच सोडली. पोचकार्डावर वेगळा मजकूर लिहायचा नाही, असा नियम होता.

गल्लीच्या टोकाला टपालपेटी होती. एकोणसत्तर कार्डं त्यांनी दोन मुठींत टाकली. सत्तरावं फटीत धरून एकदा वाचलं. आपले मत मिळाले व मोजण्यात आले. मग सोडून दिलं, आणि ते बाकीच्यांवर पडल्याचा बारीकसा आवाज येईपर्यंत फटीला कान लावून थांबले.